न सांगता घेतलेली मापं

बाबांकडे चौदा पुस्तकं होती आणि चौदाही एकाच विषयावरची. स्वतःचं घर स्वतः कसं आखावं आणि कसं बांधावं. एक पायावर, एक ओलीवर, एक सांडपाण्यावर, एक नुसतं पायऱ्यांवर. दोनशे दहा पानं पायऱ्या, आणि आमच्या घराला जिनाच नव्हता. छपरांच्या पुस्तकात त्यांनी अनुक्रमणिकेवरच पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'पान ४० ते ७२ बर्फ. आपल्याला लागू नाही.'

माझ्याकडे त्यांच्या वीसपट पुस्तकं आहेत. माझं शिकवण्याचं कामही पुस्तकांचंच, म्हणून असेल, पण बाबांच्या त्या फळीला मी कधी पुस्तकांत धरलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं. "तुझी पुस्तकं वाचून झाली की मिटून ठेवायची," ते म्हणायचे, "माझी उघडी ठेवून वर वीट ठेवायची." आणि खरोखरच ठेवायचे. पायाच्या पुस्तकातली पानं सिमेंटच्या बोटांनी इतकी जाड झाली होती की ते मिटतच नसे.

बाबा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू, दुधाची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासल्या. निवृत्त झाल्यावर गावाच्या कडेला घेतलेल्या तुकड्यावर त्यांनी घर बांधायला काढलं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. एक गवंडी आणि ते स्वतः. सहा वर्षं चाललं. घाई नव्हती, कारण त्यांच्या मते घाई हेच वाकड्या भिंतीचं कारण असतं. ते गेले तेव्हा छत पडलं होतं, गिलावा झाला होता, खिडक्या बसल्या होत्या. राहिलं होतं फक्त स्वयंपाकघर. त्यांच्या वहीत सगळ्या खोल्यांचे नकाशे होते. स्वयंपाकघराच्या पानावर चार भिंती काढलेल्या होत्या आणि मध्ये लिहिलं होतं, 'ओटा शेवटी'.

आई त्या घरात फारशी कधी गेलीच नव्हती. ती शिवणकाम करते. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत तिचं मशीन कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून आहे, कारण दुसरीकडे कुठे जागा नाही. गिऱ्हाईक आलं की ती उठते, टेप गळ्यात अडकवते आणि बोलायला लागते. पाऊसपाणी, भाज्यांचे भाव, मुलीचं लग्न, गुडघा. लहानपणी मला वाटायचं आईला बडबडीची हौस आहे. एकदा तिनेच सांगितलं, "अगं, माप घेतोय म्हटलं की माणूस ताठ होतो. पोट आत, छाती बाहेर. तसं माप घेतलं तर ब्लाऊज घरी गेल्यावर उसवतो. बोलण्यात गुंतवलं की अंग आपल्या जागेवर येतं. मग घ्यायचं." गिऱ्हाईक गेलं की तिच्या तोंडाला पुन्हा कुलूप.

बाबा जाऊन सहा महिने झाल्यावर मी तिला म्हटलं, की मी एक महिन्याची रजा काढते आणि घर पुरं करून घेते.

"कर की," ती म्हणाली. सुईत दोरा ओवत होती. "पण मी राहायला जाईन असं धरू नकोस."

"का?"

"का म्हणजे? सहा वर्षं ऊठसूट ते तिकडे. घरी आले की नाक पुस्तकात. दार कुठे हवं, हे मला विचारलं? खिडकी कुठे? पुस्तकांना विचारलं. मग पुस्तकांनीच राहावं तिथे."

"आई."

"खोटं बोलतेय का मी?"

खोटं नव्हतं. मलाही त्यांनी काही विचारलं नव्हतं, पण मला त्या घरात राहायचं नव्हतं. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "स्वयंपाकघर झालं की येऊन बघेन. उभी राहून बघेन. मग सांगते. कपडा अंगात घातल्याशिवाय मी कुणाला छान दिसतो म्हणत नाही."

म्हणजे सगळं त्या एका ओट्यावर येऊन थांबलं.

बाबांबरोबर घर बांधणाऱ्या मिस्त्रींना मी लहानपणापासून ओळखत नव्हते, पण त्यांच्याबद्दल ऐकून होते. बाबा त्यांना, भिंतीचा सरळपणा बघायच्या दोरीवरून, ओळंबा म्हणत. कारण वाकडं काही दिसलं की ते गप्प बसू शकत नाहीत. बँकेत गेले तरी काउंटरच्या कडेवरून नजर फिरवून 'दोन सूत वाकडं गेलंय' म्हणून येतात. मी किल्ली घेऊन गेले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला सगळं घर फिरवून दाखवलं, आपण नसताना लेक पाहुण्यांसमोर नीट वागली की नाही हे बघावं तसं प्रत्येक कोपरा स्वतःही तपासत. स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "इथलं माझ्याकडे काही नाही, ताई. साहेब म्हणायचे, ओट्याचं मी बघतो. तुमच्याकडे काही कागद?"

कागद नव्हता. पुस्तकं होती.

मी ती सगळी तिथेच, पडवीत आणून ठेवली आणि आठवडाभर वाचत बसले. कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला ही पुस्तकं सुरुवातीला कोरडी लागतात. मग हळूहळू कळतं, की ती फार सभ्य माणसांनी लिहिलेली आहेत. ती कधी म्हणत नाहीत की तुम्हाला जमेल. ती म्हणतात, आधी दोरी बांधा. दोरी सरळ आहे का बघा. आता पहिली वीट ठेवा. चूक झाली तर काय करायचं हेही त्यांत असतं, आणि ते चुकीच्या आधीच्या पानावर असतं. आपल्या हाताने घर बांधू बघणाऱ्या अनोळखी माणसाची एवढी काळजी त्यांनी का करावी, असं मला दोन-तीनदा वाटून गेलं.

बाबांच्या खुणा सगळीकडे होत्या. बसची तिकिटं, औषधांची वेष्टनं, पेन्सिलीच्या रेघा. आणि स्वयंपाकघरांच्या पुस्तकात पान अठ्ठ्याऐंशीला, मळकट पिवळ्या कापडी पट्टीचा एक तुकडा खूण म्हणून ठेवलेला. त्या पानावर छापलं होतं:

'ओट्याची उंची पुस्तकातून घेऊ नका. तिथे रोज उभं राहणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून घ्या. कोपराच्या बारा सेंटीमीटर खाली ओटा असावा. मग पाठ वाकत नाही आणि खांदे चढत नाहीत.'

बाबांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आणि समासात, त्यांच्या सरकारी अक्षरात: 'हिचे कोपर १०६.'

मी ते वाचलं आणि पुस्तक मांडीवर तसंच धरून बसले. पुस्तकांना विचारलं, असं आई म्हणत होती. आणि पुस्तकाने त्यांना सांगितलं होतं, तिला मोजा.

एकशे सहातून बारा गेले, चौऱ्याण्णव. मी मिस्त्रींना आकडा दिला.

त्यांनी डोकं खाजवलं. "जास्त होतंय, ताई. मी पंच्याऐंशीच्या आसपास ठेवतो सगळीकडे. उंच बाई असली तर अठ्ठ्याऐंशी. वहिनींना मी पाहिलंय."

"बाबांनी लिहून ठेवलंय. कोपर एकशे सहा."

"एकशे सहा म्हणजे वहिनी माझ्याएवढ्या झाल्या."

"म्हणजे बाबांनी माप चुकीचं घेतलं म्हणता?"

मिस्त्री एकदम मागे सरले. "तसं कसं म्हणेन. त्या माणसाने मला अर्ध्या सेंटीमीटरसाठी पडवीची भिंत उतरवायला लावली आहे. दोनदा." मग थोडं थांबून, "वहिनींना एकदा उभं केलं असतं इथे तर..."

"झाल्यावर येणार आहे ती. आधी नाही."

त्यांनी मान हलवली. लिहिलेल्या गोष्टीशी वाद घालायची त्यांना सवय नव्हती, आणि मला लिहिलेल्या गोष्टीवर संशय घ्यायची. आईला घरी भिंतीशी उभं करून मोजावं हे माझ्या मनातही आलं नाही. शाळेत मी मुलांना सांगते, मूळ संहितेकडे जा. संहिता माझ्या मांडीवर होती; जिचं माप होतं ती बाई वीस मिनिटांवर मशीन चालवत बसली होती.

तीन आठवड्यांत ओटा झाला. विटांचे पाये, वर गुळगुळीत काळा दगड, भिंतीला पांढऱ्या फरशा. मिस्त्रींनी दगड घासून असा केला की त्यात खिडकी दिसत होती. मी रोज सकाळी येऊन नव्या बांधकामावर पाणी मारत होते. बाबांच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच मला दिवस उगवल्याचं बरं वाटत होतं.

आई एका दुपारी आली. घरच्या साडीत, खांद्याला पिशवी, गिऱ्हाइकाकडे कपडे पोचवायला निघाल्यासारखी. दाराची चौकट तिने हाताने चाचपली, लाकडाचा पोत कापडासारखा बोटांत धरून बघितला. "बरं आहे," म्हणाली. पुढची खोली, मागची खोली काही न बघता सरळ विचारलं, "कुठे आहे तो ओटा?"

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. पिशवी खाली ठेवली. मग दोन्ही हात दगडावर, कांदा चिरायला घ्यावा तसे.

तिचे खांदे कानांपाशी गेले. कोपरं बाहेर आली, पंखांसारखी. शेजारच्या मोठ्या मुलांच्या बाकावर बसवलेल्या पोरासारखी ती दिसत होती. मिस्त्रींनी दारातून पाहिलं आणि लगेच बाहेरच्या बादलीकडे बघायला लागले.

"खांदा चढतोय," आई म्हणाली. तोच आवाज, ज्यात ती ट्रायलच्या वेळी सांगते, बगलेत ओढतंय. "हे कुणाचं माप आहे?"

"तुझं."

"माझं नाही."

"बाबांनी लिहून ठेवलं होतं. तुझ्या कोपराचं."

"मग दुसऱ्या कुणाचं लिहिलं असेल." हे ती थट्टेत म्हणाली असावी, पण तिला हसू आलं नाही, मलाही नाही. तिने हात खाली घेतले. "अडतीस वर्षं माझ्यासमोर बसून जेवले. मी त्यांच्या शर्टाचं माप लग्नानंतर एकदा घेतलं, पुन्हा कधी टेप लावला नाही. जाड झाले, वाळले, शेवटी तर... डोळ्यांनी कळायचं. दर वेळी कळायचं."

तिने पिशवी उचलली. दारापाशी वळून मिस्त्रींना म्हणाली, "काम सुरेख केलंय तुम्ही. धार बघा कशी आलीय." आणि मला, "कुणाला तरी देऊन टाक हे घर. उंच बाई बघ."

ती गेल्यावर मिस्त्री आत आले.

"तोडू का?" त्यांनी विचारलं.

"थांबा."

थांबून मी काय करणार होते हे मला माहीत नव्हतं. ओटा खाली घेता आला असता. एका दिवसाचं काम. पण मग तो मिस्त्रींच्या अंदाजाचा ओटा झाला असता, आणि आईचं म्हणणं खरं ठरलं असतं: की ज्या माणसाने आयुष्यभर जगाची मापं तपासली, त्याला बायकोचं माप ठाऊक नव्हतं. ते तिच्याबरोबर कायमचं राहिलं असतं. माझ्याबरोबरही.

मिस्त्री भिंतीला पाठ टेकून खाली बसले. "मला एक खटकतंय. साहेब असे चुकणारे नव्हते. मागच्या खोलीची ती खिडकी बघा. किती खाली घेतलीय. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, साहेब, पाऊस आत येईल, कुत्रं आत येईल. तर म्हणाले, इथे मशीन येणार आहे. उलट्या बादलीवर बसले, मला बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि विचारत राहिले, दिसतोस का, आता दिसतोस का. एक पूर्ण सकाळ त्यात गेली."

"कुठलं मशीन?"

"शिवणाचं. दुसरं कुठलं?"

खिडक्यांचं पुस्तक मी उघडलंच नव्हतं. खिडक्या झालेल्या होत्या, मग वाचायचं कशाला. मी पडवीतून ते आणलं. बसून काम करणाऱ्यांसाठी एक वेगळं पान होतं, त्यात छापलं होतं की खिडकीचा खालचा काठ बसलेल्या माणसाच्या नजरेच्या तीस सेंटीमीटर खाली असावा, म्हणजे मान न उचलता बाहेरचं दिसतं. समासात बाबांनी लिहिलं होतं: 'हिची नजर, मशीनवर बसल्यावर, १२१. न सांगता घेतली. सांगितले तर ताठ बसेल.'

ते मी दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा मिस्त्रींना मोठ्याने वाचून दाखवलं.

ते उठले. "एकशे एकवीसातून तीस. एक्याण्णव." खिशातला टेप काढून ते मागच्या खोलीत गेले. खिडकीच्या काठाला टेप लावला, खाली वाकून बघितलं, पुन्हा लावला.

"एक्याऐंशी," ते म्हणाले.

"म्हणजे इथेही चूक?"

"चूक अशी गोल नसते, ताई." ते उकिडवे बसले होते, टेप अजून भिंतीला. "चूक एकची असते, दीडची असते, पावणेदोनची असते. पुरे दहा म्हणजे कुणीतरी दहापासून धरलंय." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी स्वतःच्या टेपचं टोक दाखवलं. टोकाची पत्र्याची पट्टी सैल होऊन डुगडुगत होती. "हे असं झालं की आम्ही शून्य धरतच नाही. दहाच्या आकड्यावर अंगठा, आणि शेवटी मनात दहा वजा करायचे. सवय होते. आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याला सांगायचं तेवढं राहून जातं."

"पण बाबांचा स्टीलचा टेप तर नवा आहे."

"तो इथला. घरी कशाने मोजत होते?"

मी पडवीत गेले आणि स्वयंपाकघरांचं पुस्तक पान अठ्ठ्याऐंशीला उघडलं. ती खुणेची पट्टी उजेडात धरली. एक ते चार पुसून गेले होते. पाच, सहा, सात अंधुक दिसत होते. आठ, नऊ स्पष्ट. दहाच्या रेघेवर ती कात्रीने सरळ कापलेली होती.

घरी पोचले तेव्हा आई मशीनवर होती. तिने वळून पाहिलं नाही. मी तो तुकडा तिच्या समोर, शिवणाऱ्या कापडावर ठेवला. मशीन थांबलं.

"हे कुठून आणलंस?"

"बाबांच्या पुस्तकात होतं."

"माझ्या जुन्या टेपचं टोक आहे. चिमटीत धरून धरून आकडे गेले होते, म्हणून कापलं आणि नवा टेप आणला." ती तुकडा उलटसुलट करत होती. "उरलेलाही फेकायला सांगितला होता त्यांना. सुरुवातीचे दहा नसलेला टेप कुणाच्या कामाचा?"

एवढं बोलून ती थांबली. मग उठली आणि दाराआडच्या खुंटीवरची बाबांची पिशवी काढली. दवाखान्यातून आल्यापासून त्या पिशवीला आम्ही दोघींनीही हात लावला नव्हता. झाडू मारतानासुद्धा बाजूने मारत होतो. आईने ती मशीनवर ठेवली आणि आतून एकेक वस्तू काढली. चष्म्याचं घर. पेन्सिलीचा तुकडा. आणि रबरबँड लावलेली पिवळ्या टेपची गुंडाळी.

टेप दहापासून सुरू होत होता. तिने कापलेला तुकडा त्याला जोडून धरला. कापडाचे धागे धाग्यांना लागले.

"जगाची मापं तपासायचे," ती म्हणाली, "आणि घरात हे."

मी तिला सांगितलं. एकशे सहा हा आकडा जमिनीपासूनचा नव्हता, जमिनीला टेकलेल्या टोकावरच दहा होते. त्यांना ते माहीत होतं, आकडा वापरायच्या वेळी ते दहा काढणारच होते. खिडकीच्या वेळी काढलेही होते. ओट्यापर्यंत ते पोचले नाहीत. चूक पुस्तकाची नव्हती, त्यांची नव्हती, माझी होती.

"शहाण्णव," आई म्हणाली. वजाबाकी हा तिचा धंदा आहे. तिने आपलं कोपर वाकवलं, त्याच्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. "पण घेतलं कधी? मला आठवत नाही."

मग मी खिडक्यांचं पुस्तक उघडून ते पान तिच्यापुढे धरलं. तिने चष्मा लावला. दोन ओळी वाचायला तिला फार वेळ लागला.

"न सांगता," ती म्हणाली.

मी पान तसंच उघडं धरलं.

"गिऱ्हाईक आलं की हे त्या खाटेवर बसून बघत बसायचे. मला वाटायचं, निवृत्त माणूस, वेळ जात नाही." तिने चष्मा काढून पदराने पुसला, जरी तो स्वच्छ होता. "माझं बोलणं ऐकत नव्हते म्हणजे. हात बघत होते."

ती पुन्हा मशीनवर बसली, कापड सारखं करायला म्हणून. तेव्हा मला ती खूण दिसली. तिच्या डाव्या बाजूला भिंतीवर, बरोबर तिच्या डोळ्यांच्या रेषेत, पेन्सिलीची नखाएवढी आडवी रेघ. मी बोट ठेवून दाखवली.

"ती होय," आई म्हणाली. "ओल बघतो म्हणाले होते."

मी बाबांच्या पिशवीतल्या टेपने मोजलं, कापलेलं टोक जमिनीला लावून. एकशे एकवीस. आईने वाकून आकडा स्वतः वाचला. मग बराच वेळ ती समोरच्या भिंतीकडे बघत बसली, जिथे खिडकी नव्हती.

"उद्या त्या मिस्त्रींना बोलाव," ती म्हणाली. "दगड फुटता कामा नये. चांगला दगड आहे."

दगड फुटला नाही. मिस्त्रींनी तो दोन माणसं लावून उतरवला, भिंतीला उभा करून ठेवला, विटांचे पाये वरून सोडवले आणि हात झटकून म्हणाले, "आता वहिनी, एकदा माझ्या टेपने होऊन जाऊ दे. माझा टेप दहापासून आहे, पण मी वजा करतो."

"करा हो," आई म्हणाली.

ती भिंतीशी उभी राहिली. चपला तिने दारातच काढल्या होत्या. मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढली, आणि त्याच क्षणी तिचं अंग बदललं. हनुवटी वर, खांदे मागे. शाळेच्या फोटोसाठी उभी असावी तशी.

"असं नाही चालायचं, वहिनी."

"कळतंय मला. तीस वर्षं दुसऱ्यांना तेच सांगतेय." तिने माझ्याकडे पाहिलं. "बोल काहीतरी. बोलत राहा."

मला काही सुचेना. ती गिऱ्हाइकांशी बोलते तसं पाऊसपाणी, भाज्या, काहीच आठवेना. खिडकीच्या काठावर पुस्तकं रचलेली होती. हाताला लागलं ते मी घेतलं, उघडलं आणि वाचायला लागले. छपरांचं होतं. बाबांनी लागू नाही म्हणून सोडून दिलेली पानं.

"'छपरावरचा बर्फ पहिल्या दिवशी हलका असतो,'" मी वाचलं. "'हाताने बाजूला सारता येतो. त्यामुळे घरमालकाचा गैरसमज होतो. तीन-चार दिवसांनी तो दबतो, तळाशी पाणी धरतो, आणि मग वाशांना त्याचं खरं वजन कळू लागतं. म्हणून छप्पर पहिल्या दिवसाच्या हिशोबाने बांधू नये.'"

"बर्फ?" आई म्हणाली. "आपल्याकडे?"

"तेहतीस पानं आहेत."

"त्या लोकांचं कठीण आहे. कपडे तरी कसे वाळत असतील." तिचे खांदे खाली आले होते. उजवा हात आपोआप वाकून पुढे आला, रोज ज्या उंचीवर येतो त्या उंचीवर. मिस्त्रींनी भिंतीवर रेघ मारली आणि खाली वाकले. ओठ हलले. दहा वजा.

"पंच्याण्णव," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. एक कमी होता.

मी काही बोलणार तेवढ्यात आई वळून रेघेकडे बघायला लागली. तिने तिच्यावर बोट ठेवलं, मग त्याच्या किंचित वर, जिथे काही नव्हतं तिथे.

"घरी मी चपला घालून असते," ती म्हणाली. "तिथली फरशी गार लागते, म्हणून. त्या पायांत असताना घेतलं असणार. त्यांचं बरोबर आहे. शहाण्णवच धरा."

"मग ओटा चौऱ्याऐंशी," मिस्त्री म्हणाले आणि पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली.

आई मागच्या खोलीत गेली. मी दारातून पाहिलं. उलटी बादली अजून तिथेच होती. ती तिच्यावर बसली, पाठ जशी असते तशी, थोडी वाकलेली. समोर रस्ता होता, रस्त्यावरून एक बाई पिशवी घेऊन चालली होती, आणि आई ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. ब्लाऊजची पाठ बघत असणार.

"ऐकलंस का," ती न वळता म्हणाली, "संध्याकाळी येशील तेव्हा माझ्या घरातल्या चपला घेऊन ये. इथेच राहू देत."